मुलांच्या नावाने की मुलांसाठी?
आयकरातील कौटुंबिक सवलतींचा व्यवहारी हिशेब

व्यापारी घरात मूल जन्माला आले की बारशाच्या आगेमागेच त्याच्या नावाने एखादी मुदत ठेव केली जाते. आजोबांचा आशीर्वाद, मामा-आत्यांनी हातावर ठेवलेली रक्कम असे सारे त्या ठेवीत जाते, आणि पुढेमागे पेढीच्या चोपड्यातही त्या बाळाचे स्वतंत्र खाते दिसू लागते. ही चाल जुनी आहे आणि चांगलीही आहे. मात्र तिच्या जोडीने एक समजूतही चालत आली आहे. पैसा मुलाच्या नावावर ठेवला की कर वाचतो, अशी ती समजूत. एके काळी तिच्यात बराच तथ्यांश होता. १९९२ च्या वित्त अधिनियमानंतर तो जवळजवळ उरलेला नाही. आजच्या कायद्यात मुलाच्या नावाने ठेवलेल्या पैशाला फारशी सवलत नाही. मुलासाठी केलेल्या काही ठरावीक खर्चाला व बचतीला ती आहे, आणि तीही कुटुंबाने कोणती करप्रणाली निवडली यावर अवलंबून आहे. हा भेद न समजल्यामुळे काही घरे कर अधिक भरतात, तर काही घरे नकळत कमी भरून पुढे नोटिशीला सामोरी जातात.

येथील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत आणि कलमांचे क्रमांक व्यापाऱ्यांच्या ओळखीच्या १९६१ च्या अधिनियमातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत. येथे सांगितलेली मूळ तत्त्वे नव्या अधिनियमातही कायम आहेत.

वजावट, रिबेट आणि क्रेडिट

हे तीन शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात; हिशेबात मात्र ते फार वेगळे आहेत. वजावट उत्पन्नातून होते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला १०,००० रुपयांची वजावट मिळाली तर त्याचा कर १०,००० ने नव्हे, ३,००० ने कमी होतो. रिबेट आणि क्रेडिट थेट करातून वजा होतात. १०,००० चे क्रेडिट म्हणजे पुरते १०,००० रुपये.

ज्यांचे आप्त अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांनी ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ हे नाव ऐकलेले असते. तेथे १९९८ पासून ही सवलत आहे. सतरा वर्षांखालील प्रत्येक पात्र अपत्यामागे २०२५ साठी ती कमाल २,२०० डॉलर आहे. करच कमी असेल, तर तिचा काही भाग परताव्याच्या रूपाने हातातही मिळतो. भारतात अशी सवलत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मात्र अपत्यसंख्येचा विचार होत असे. विवाहित पण निरपत्य करदात्याचे ३,००० रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असे. एक अपत्य असेल तर ही मर्यादा ३,३०० आणि त्याहून अधिक असतील तर ३,६०० रुपये होती. ती पद्धत पुढे गेली. आज मुले आहेत एवढ्याच कारणाने कर कमी होत नाही. कलम ८७अ चे रिबेट उत्पन्नावर ठरते, अपत्यांवर नाही.

अज्ञान मुलाचे उत्पन्न कोणाचे?

१९९२ च्या वित्त अधिनियमाने कलम ६४(१अ) आणले. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न, आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. पैसा कोणी दिला हे येथे पाहिले जात नाही. आजोबांनी नातीला ५ लाख रुपये दिले, तर जवळच्या नातलगाकडून आलेली भेट म्हणून त्या रकमेवर कर नाही. पण ती ठेव सात टक्क्यांनी ३५,००० रुपये व्याज देऊ लागली की ते व्याज वडिलांच्या किंवा आईच्या विवरणपत्रात यायला हवे. जुन्या करप्रणालीत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट आहे. नव्या प्रणालीत तीही नाही.

पेढीतील खात्यालाही हाच नियम लागू होतो. भागीदारी अधिनियमानुसार अज्ञान मुलाला भागीदारीच्या लाभात सामील करून घेता येते. फर्मच्या नफ्यातील त्याचा वाटा करमुक्तच असतो, कारण त्यावर फर्मने कर भरलेला असतो. पण त्याच्या भांडवलावर फर्म जे व्याज देते, ते पालकाच्या उत्पन्नात जमा धरावे लागते.

या नियमाला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. मुलाने स्वतःच्या श्रमाने, कौशल्याने किंवा विशेष ज्ञानाने मिळवलेले उत्पन्न त्याचेच राहते. गायनाचे मानधन किंवा बुद्धिबळ स्पर्धेचे बक्षीस ही त्याची उदाहरणे. तसेच कलम ८०यू मध्ये सांगितलेल्या स्वरूपाचे अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्नही पालकाच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. अशा मुलाच्या नावाने ठेवलेली ठेव खऱ्या अर्थाने त्याची असते आणि तिच्या व्याजाला त्याची स्वतःची करमुक्त मर्यादा मिळते. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने ही गोष्ट अवश्य जाणून घ्यावी.

बँकेतील व्याजाची माहिती आता आयकर खात्याकडे आपोआप जाते. अज्ञान मुलाच्या ठेवीला पालकाचा पॅन जोडलेला असेल, तर ते व्याज पालकाच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे ए.आय.एस. मध्ये दिसते. ते विवरणपत्रात दाखवले नाही तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो, आणि माहिती जाणूनबुजून चुकीची दिली असे ठरल्यास २०० टक्के. मागील वर्षी असे राहून गेले असल्यास संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांच्या आत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. त्यासाठी अतिरिक्त कर द्यावा लागतो व विलंबागणिक तो वाढतो. म्हणून ही दुरुस्ती जितकी लवकर होईल तितकी बरी.

मुलांसाठी केलेला खर्च

पुढील चारही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात.

पहिली वजावट शाळा-कॉलेजच्या शिक्षण शुल्काची. कलम ८०क च्या १,५०,००० रुपयांच्या एकूण मर्यादेत, भारतातील शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठातील पूर्णवेळ शिक्षणाचे शुल्क धरता येते. बालवाडी व नर्सरीचे शुल्कही त्यात बसते. एका करदात्याला दोन मुलांपुरती ही वजावट मिळते. आई आणि वडील दोघेही कर भरत असतील आणि शुल्क आपापल्या खात्यातून भरत असतील, तर प्रत्येकाला दोन मुले धरता येतात. विकास निधी, देणगी, बस, वसतिगृह, गणवेश आणि खासगी शिकवणी यांचा यात समावेश नाही. शाळेची पावती एकत्रित असेल तर शिक्षण शुल्काची रक्कम वेगळी दाखवून घ्यावी. हे शुल्क हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, म्हणजे एच.यू.एफ. च्या खात्यातून भरले तर वजावट मिळत नाही, कारण ती व्यक्तीला आहे.

याच मर्यादेत सुकन्या समृद्धी योजना येते. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी हे खाते उघडावे लागते. वर्षाला किमान २५० आणि कमाल १,५०,००० रुपये भरता येतात. भरणा पंधरा वर्षे आणि मुदत एकवीस वर्षे. तिच्या उच्च शिक्षणासाठी अठराव्या वर्षी किंवा दहावी झाल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. व्याजदर जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के आहे. नवी करप्रणाली निवडली तर भरण्याची वजावट जाते, पण व्याज आणि मुदतीअखेरची रक्कम तेव्हाही करमुक्तच राहते. त्यामुळे ते व्याज पालकाच्या उत्पन्नात मिळवण्याचा प्रश्नही येत नाही. नातीसाठी मुदत ठेव करू पाहणाऱ्या आजोबांनी आधी या खात्याचा विचार करावा.

दुसरी वजावट आरोग्य विम्याची. स्वतः, पती किंवा पत्नी व अवलंबून असलेली मुले यांच्या विम्याच्या हप्त्यासाठी २५,००० रुपये आणि आई-वडील ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्यासाठी वेगळे ५०,००० रुपये. हप्ता रोख भरला तर वजावट नाही.

तिसरी वजावट शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची, कलम ८०ई ची. हिला रकमेची मर्यादाच नाही. बारावीनंतरचे शिक्षण भारतातील असो की परदेशातील, व्याज भरण्यास सुरुवात झाल्यापासून आठ वर्षे ही वजावट मिळते. येथे समाजातील कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. कर्ज बँकेचे, मान्यताप्राप्त वित्तीय संस्थेचे किंवा आयकर कायद्याखाली मान्यता मिळालेल्या धर्मादाय संस्थेचे हवे. काकांकडून, पेढीकडून किंवा ओळखीच्या सावकाराकडून घेतलेल्या रकमेवरील व्याजाला वजावट नाही. समाजाच्या ट्रस्टकडून सव्याज शिक्षण-कर्ज घेताना त्या ट्रस्टला अशी मान्यता आहे का, हे आधी विचारावे. कर्ज ज्याने घेतले आणि व्याज ज्याने आपल्या उत्पन्नातून भरले, वजावट त्याचीच. म्हणून कर्ज कोणाच्या नावे घ्यायचे हा निर्णय बँकेचा अर्ज भरतानाच व्हायला हवा.

चौथी वजावट अपंग अवलंबितांसाठी, कलम ८०डीडी ची. किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. उपचार, प्रशिक्षण वा सांभाळ यांवर प्रत्यक्ष किती खर्च झाला हे न पाहता ही ठरावीक रक्कम मिळते. त्यासाठी वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. लोक काय म्हणतील या संकोचाने काही घरांत हे प्रमाणपत्र काढलेच जात नाही. ते काढल्याने मुलाला कायद्याने दिलेले इतर लाभही मिळू शकतात.

जुनी की नवी: आकडे काय सांगतात

नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही; पुढे दर चार लाखांना ५, १०, १५, २० आणि २५ टक्के असे टप्पे आहेत आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. निवासी व्यक्तीचे उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे कर शून्य होतो. भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर मात्र हे रिबेट नाही. जुन्या प्रणालीत अडीच लाखांपर्यंत कर नाही, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० टक्के आणि पुढे ३० टक्के.

समजा, एका दुकानदाराचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न १५ लाख आहे. नव्या प्रणालीत त्याचा कर १,०५,००० आणि ४ टक्के उपकर धरून १,०९,२०० रुपये होतो. जुन्या प्रणालीत त्याने शुल्क व सुकन्या मिळून १,५०,०००, विम्याचे ७५,००० आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचे १,००,००० अशी ३,२५,००० ची वजावट घेतली, तरी उपकरासह कर १,७१,६०० रुपये येतो. एवढी कागदपत्रे जमवूनही ६२,४०० रुपये अधिक गेले. या उत्पन्नावर दोन्ही प्रणाली समान पातळीवर येण्यासाठी ५,३७,५०० रुपयांची वजावट लागते.

आता त्याच दुकानदाराची मुलगी परदेशी शिकायला गेली, कर्जाचे वार्षिक व्याज २,५०,००० झाले आणि राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची २,००,००० ची वजावटही आहे, असे धरू. एकूण वजावट ६,७५,००० होते आणि जुन्या प्रणालीतील कर ८०,६०० वर येतो. येथे जुनी प्रणाली २८,६०० रुपयांनी स्वस्त पडते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. केवळ शाळेचे शुल्क आणि विम्याचा हप्ता यांच्या बळावर जुनी प्रणाली बहुधा परवडत नाही. मोठे शैक्षणिक कर्ज, घराचे कर्ज किंवा अपंग अवलंबिताची वजावट जोडीला असेल, तेव्हाच पारडे फिरू शकते. नवी प्रणाली निवडणाऱ्याने केवळ कर वाचवण्यासाठी चाललेली गुंतवणूक तपासून पाहावी. आरोग्य विमा मात्र बंद करू नये, कारण तो करासाठी नव्हे, आजारपणासाठी असतो.

व्यापाऱ्याला परतीचे दार एकदाच

नोकरदाराला दरवर्षी विवरणपत्र भरताना प्रणाली निवडता येते. व्यापाऱ्याला ही मोकळीक नाही, आणि नोकरीतील नातलगाचा सल्ला त्याला लागू न पडण्याचे कारणही हेच. २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही मूळ प्रणाली झाली आहे. धंद्याचे उत्पन्न असलेल्याला जुनीकडे जायचे असेल तर विवरणपत्राच्या मूळ मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. ती निवड पुढील वर्षांनाही लागू राहते. त्यातून नव्या प्रणालीकडे एकदाच परत येता येते. आणि एकदा परतल्यावर, धंद्याचे उत्पन्न आहे तोवर, जुनीकडे पुन्हा जाता येत नाही. भागीदाराला फर्मकडून मिळणारे मानधन व भांडवलावरचे व्याज हेही धंद्याचेच उत्पन्न मानले जाते.

म्हणून येथे एका वर्षाचा हिशेब पुरत नाही. ज्या घरात मुलगा अकरावीत आहे आणि दोन वर्षांनी मोठे शैक्षणिक कर्ज निघणार आहे, त्या घराने आज पाच-सात हजारांच्या फायद्यासाठी जुनी प्रणाली निवडून पुढल्याच वर्षी ती सोडली, तर ज्या वर्षी तिची खरी गरज पडेल त्या वर्षी ती हाती नसेल. मुलांची वये, शिक्षणाचे टप्पे आणि कर्जाची आठ वर्षे एका कागदावर मांडून मगच सी.ए. शी बोलणे हितावह ठरते.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

मूल सज्ञान झाले की चित्र बदलते. त्याचे उत्पन्न त्याचेच राहते. आई-वडिलांनी सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलेल्या भेटीवर कर नाही आणि त्या रकमेवरचे पुढील व्याजही देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. पत्नीला किंवा सुनेला दिलेल्या रकमेबाबत नियम उलट आहे. तेथील उत्पन्न देणाऱ्याकडेच परत येते. सज्ञान मुलगा किंवा मुलगी दुकानात खरोखर काम करत असेल, तर वाजवी पगार देऊन तो धंद्याच्या खर्चात धरता येतो. काम आणि पगार यांचा मेळ बसला पाहिजे, आणि एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च मान्य होत नाही.

एच.यू.एफ. बद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. जैन कुटुंबांना एच.यू.एफ. करता येते आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने तिची सहदायाद असते. मात्र कर्त्याने स्वकष्टाची मिळकत तिच्यात टाकली तर तिचे उत्पन्न कर्त्याच्याच नावे धरले जाते, आणि ८७अ चे रिबेट एच.यू.एफ. ला मिळत नाही.

जे क्रेडिट खरोखर मिळते

अपत्यामागे क्रेडिट नसले, तरी मुलांच्या निमित्ताने आधीच कापल्या गेलेल्या कराचे क्रेडिट कुटुंबाचे आहे, आणि ते अनेकदा मागायचे राहून जाते. परदेशी शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून रक्कम पाठवली, तर २०२५-२६ मध्ये १० लाखांच्या वरील भागावर बँक ५ टक्के टी.सी.एस. गोळा करत असे. त्या दराने २५ लाख पाठवल्यास ७५,००० रुपये आधीच जमा होत. मान्यताप्राप्त वित्तीय संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टी.सी.एस. नाही. ही रक्कम गेलेली नसते. ती फॉर्म २६एएस मध्ये दिसते, अग्रिम कराच्या हप्त्यात धरता येते आणि उरल्यास परत मिळते. ती ज्याच्या पॅनवर जमा होते, त्याच्याच नावे दिसते. सज्ञान मुलीच्या खात्यातून पैसे गेले असतील तर तिने स्वतः विवरणपत्र भरावे लागते. अज्ञान मुलाच्या नावे जमा झालेला टी.सी.एस., त्याचे उत्पन्न ज्या पालकाकडे मिळवले जाते त्या पालकाला १ जानेवारी २०२५ पासून घेता येतो. अज्ञान मुलाच्या ठेवीवर कापलेल्या टी.डी.एस. चेही तसेच आहे. व्याज दाखवायचे पालकाने, तर त्यावरचे क्रेडिटही पालकाचेच.

हे सारे हिशेब बहुतेक घरांत वडील आणि सी.ए. यांच्यात होतात, शाळेच्या पावत्या, विम्याचे कागद आणि मुलांची पासबुके मात्र आईच्या कपाटात असतात. विवरणपत्राच्या मुदतीआधी एका संध्याकाळी दोघांनी एकत्र बसून प्रत्येक मुलामागे एक पान करावे. त्याच्या नावच्या ठेवी व त्यांचे व्याज, शिक्षण शुल्काच्या पावत्या, कर्जाचे व्याज-प्रमाणपत्र आणि कापलेला कर एवढे त्या पानावर लिहावे. मुलगा वा मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असेल तर तिलाही शेजारी बसवावे. पुढे पेढी किंवा संसार तिलाच सांभाळायचा आहे, आणि आपल्या नावच्या पैशाचे उत्पन्न कोणाच्या खाती का लिहिले जाते हे तिला ठाऊक असायला हवे.